पाठमोरी राणी

आमची मावशी कार्टूनमध्ये बोलायची. परदेशी सिनेमांतल्या खारी, चेटकिणी, भांडकुदळ किटल्या, सगळ्या तिच्याच तोंडून आपल्या भाषेत आल्या. घरी मात्र एक शब्द बोलायचा तर तिच्या जिवावर यायचं.

तिची लेक बबडी लहान असताना काका, म्हणजे मावशीचा नवरा, तिला "महिनाभर फिरवून आणतो" म्हणून परदेशी घेऊन गेला आणि तिकडेच गडप झाला. काकाबद्दल मी बोलत नाही, उगाच तोंड खराब होतं. मावशीने जंग जंग पछाडलं, पण पोरीचा पत्ता लागला नाही तो नाहीच.

पुढे बऱ्याच वर्षांनी तिच्याकडे हरवलेल्या राजकन्येचा सिनेमा आला. कार्टूनच, पण गाण्यांचा. मावशी राणी झाली होती. शेवटच्या गाण्यात राणी गच्चीवर उभी राहून लेकीला हाक मारते. तिथे राजकन्येचं नाव घ्यायचं सोडून मावशीने "बबडेऽ!" अशी हाक मारली. मी स्टुडिओत काचेपलीकडे बसले होते. मी चटकन दिग्दर्शकाकडे पाहिलं.

"मावशी, नाव चुकलं," दिग्दर्शक म्हणाला. "परत घेऊ."

"राहू दे ना रे. राणी पाठमोरी आहे तिथे, ओठ कुठे दिसतात? आई लाडाने काहीही म्हणते."

त्याने तो तुकडा पुन्हा लावून पाहिला. राणी खरंच पाठमोरी होती. तो हसला, आणि हाक राहिली.

"तिकडे आपली माणसं असतात, त्यांच्यासाठी आपल्या भाषेतला सिनेमाही लावतात म्हणे," घरी येताना मावशी म्हणाली. "कुठेतरी ऐकेल ती."

दर सुट्टीत तो सिनेमा टीव्हीवर लागायचा. त्या दिवशी मावशी मांडीवर फोन घेऊन बसायची. यायचे ते विमेवाल्यांचे फोन. मला ते बघवायचं नाही, म्हणून मी चिडायचे.

"तिला आपली भाषा तरी येत असेल का गं?" मी एकदा बोलून गेले.

"स्वतःचं नाव येत असेल," ती म्हणाली.

गेल्या सुट्टीत सिनेमा लागला आणि राणीच्या तोंडून दुसरीच बाई बोलू लागली. वाहिनीने सगळे आवाज नव्याने करून घेतले होते. मावशीला कळवायची तसदी कोण घेणार? मी घाईघाईने रिमोट उचलला.

"असू दे," मावशी म्हणाली. "बघू."

शेवटचं गाणं आलं. राणी गच्चीवर गेली. मावशीने माझ्या हातातला रिमोट घेऊन टीव्हीचा आवाज बंद केला आणि स्टुडिओतल्यासारखा एक हात कानावर ठेवला. राणी पाठमोरी झाली.

"बबडेऽ!"

अगदी वेळेवर. आवाज तसाच बंद ठेवून आम्ही दोघी 'ओ' यायची वाट बघत बसलो.