पंख्याखालचे काका

सातवीतून शाळा सुटली होती. कंधारकडचं गाव सोडून लातूरच्या एका दवाखान्यात वॉर्डातली मावशी म्हणून लागले. काम कंत्राटी. साहेबाचे बूट वाजले तरी वाटायचं, आज आपल्याला घरी पाठवतात.

आमच्या मोठ्या सिस्टर ट्रेनिंग करून आल्या. कुणी सांगायची वाट न बघता वॉर्डातली चूक नर्सनंच शोधायची आणि सुधारायची, असं तिथं शिकवलं म्हणे. त्यांनी ठरवलं, गोळी देण्याआधी पेशंटला नाव विचारायचं. तोवर सगळं खाटेच्या नंबरावर चालायचं.

पहिल्या सकाळी सहा नंबरच्या खाटेवरच्या काकांनी नाव सांगितलं. सहा नंबरच्या कागदावर दुसरंच.

"काका, तुम्ही तर अकरा नंबरचे!" सिस्टर म्हणाल्या.

"हाव. पण पंख्याचं वारं हितंच लागतंय."

"आणि सहा नंबरचे?"

"मी हितं अकरावर," पलीकडून आवाज आला. "मला वारं सोसत न्हाई."

सिस्टरनी ट्रॉली थांबवली. "वॉर्ड हाय का एसटी? रुमाल टाकून जागा धरून राहिलेत! कुणी हलवलं?"

"मावशीनं," काका कौतुकानं म्हणाले. "लई गुणाची बाई. परवा गादीसकट हलवलं."

तिसरा म्हणाला, "मला खिडकी दिली." माझं कौतुक वाढत चाललं, तशी मी ट्रॉलीमागं सरकत चालले.

"म्हणजे परवापासून ह्यांची गोळी त्यांना?" सिस्टरनी विचारलं.

"तरीच!" काका उठून बसले. "सारखं लघवीला पळून राहिलो."

"आन् माझी सूज तशीच हाय की!" अकरावरचे ओरडले.

डॉक्टरांनी येऊन दोघांना तपासलं. नशिबानं काही बिघडलं नव्हतं. मी पदर तोंडाला लावला. "सिस्टर, चुकलं. उकडतंय म्हणले म्हणून हलवलं. माणसाबरोबर गोळी पण हलवायची असती, हे सुचलंच न्हाई. पण काढू नका मला."

"काढू? मग कोण कुठं झोपलंय हे मला कोण सांगणार?" सिस्टरनी वही उघडली. "बोला, अजून कोण कोण हललंय?"

मी सात जण सांगितले. सिस्टरनी प्रत्येकाच्या मनगटाला नावाची पट्टी बांधायला लावली.

तेव्हापासून गोळ्यांच्या ट्रॉलीपुढं नाव विचारत मीच चालते. ते पंख्याखालचे काका तर घरी जाईपर्यंत मला लांबून बघूनच हात वर करायचे आणि बापाच्या, गावाच्या नावासकट आपलं नाव ओरडून सांगायचे.