नावं आली, आकडे आले नाहीत

माझ्या घरातल्या संगणकावर लिनक्स नावाची प्रणाली आहे. भाचा आला की त्याला त्याचं हसू येतं. सत्तरी ओलांडलेल्या बाईने सगळं जग वापरतं ते सोडून हे का घ्यावं, असं तो विचारतो. लोक जी कारणं सांगतात ती मलाही ठाऊक आहेत. ते फुकट मिळतं, जुन्या यंत्रावर चालतं, व्हायरसचा त्रास कमी. देशोदेशीच्या, एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी ते लिहिलं आणि त्यातली ओळन् ओळ कुणालाही वाचता येईल अशी उघडी ठेवली. माझं कारण या शेवटच्या गोष्टीशी जोडलेलं आहे. भाच्याला मी ते अजून सांगितलेलं नाही, कारण ते सांगायचं तर कर्जतजवळच्या कोंडाणे गावच्या एका माणसाबद्दल सांगावं लागतं, आणि त्याच्या बाबतीत मी काय केलं तेही.

खोपोलीच्या शिळफाट्यापासून आत एक ओतशाळा होती. लोखंड वितळवून वाळूच्या साच्यांत ओतायचं, निवलं की साचे फोडायचे, ओतीव तुकडे घासून गुळगुळीत करायचे. मी पळसदरीहून गाडीने खोपोलीला जायचे आणि ओतशाळेच्या दवाखान्यात कारकुनी करायचे. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत. बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे मी, एक खाट आणि औषधांचं कपाट.

वाळूची बारीक धूळ छातीत जाऊन बसते. म्हणून वर्षातून दोनदा प्रत्येक कामगाराला एका नळीत जोराने फुंकायला लावायचं आणि काटा जिथे थांबेल तो आकडा रजिस्टरात मांडायचा, असा नियम होता. आकड्याचा अर्थ कामगारांना कुणी सांगितला नव्हता. त्यांनी त्याची शर्यत करून टाकली होती. दाराशी घोळका जमायचा, कुणाचा काटा किती गेला यावरून थट्टा चालायची.

कोंडाण्याचा तो साचे बांधणारा नवा लागला तेव्हा पंचविशीचा असेल. रुंद छातीचा, गावच्या कबड्डीत दम धरण्यात कुणाला न ऐकणारा. पहिल्याच खेपेला त्याने सगळ्यांना मागे टाकलं.

"लिवा नीट, बाई," तो म्हणाला. "सगल्यांच्या वर हाय ना?"

"आहे," मी म्हटलं आणि लिहिलं.

दर सहा महिन्यांनी तो तेच विचारायचा. काही वर्षांनी दुसरेच कुणी वर जाऊ लागले. मग त्याने विचारणं सोडलं. फुंकायचा, नळी खाली ठेवायचा आणि निघून जायचा. आकडा उतरत चाललाय हे मला दिसत होतं. डॉक्टरांना मी दोनदा दाखवला. दोन्ही वेळा त्यांनी खोकल्याचं औषध लिहून दिलं आणि बिडी कमी कर म्हणाले.

अशी बारा-तेरा वर्षं रजिस्टरं भरली. जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची, एकावर एक रचली तर माझ्या खांद्याला लागतील इतकी. ऐंशी सालानंतर कधीतरी वरच्या ऑफिसात ठरलं की ओतशाळेत संगणक आणायचा आणि पहिलं काम दवाखान्याच्या नोंदींचं करायचं. तसल्या यंत्राला हात लावलेला माणूस आमच्याकडे एकच होता. भट्टीच्या तापमानाचे मीटर सांभाळणारे एक गृहस्थ. सगळे त्यांना काका म्हणत. एकटे राहायचे. खोलीत भांडी कमी आणि तारा जास्त.

काकांची एक वेगळीच दुनिया होती. पुण्या-मुंबईकडच्या आणि आणखी लांबच्या पाचपंचवीस लोकांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. त्यातल्या कुणालाही त्यांनी पाहिलं नव्हतं. या सगळ्यांनी मिळून छोट्या संगणकांसाठी यंत्र चालवणारी मूळ प्रणाली लिहिली होती. ज्याला चूक सापडेल त्याने दुरुस्त करायची, दुरुस्ती टपालाने पाठवायची, पुढच्या प्रतीत ती सगळ्यांना मिळायची. काकांची एक दुरुस्ती अशी आत गेली होती. कडेला भोकं असलेल्या लांब कागदावर छापलेल्या त्या ओळी त्यांनी मला दाखवल्या आणि आपल्या ओळीवर बोट ठेवून क्षणभर तसेच बसले. इतका सुखी माणूस त्या ओतशाळेत मी दुसरा पाहिला नाही.

"दवाखान्याचं काम यावर करू," ते म्हणाले. "काही अडलं तर उघडून बघता येईल. मी नसलो तर दुसरा कुणीतरी बघेल."

मुंबईच्या एका दुकानाचा विक्रेताही आला होता. टाय, गुळगुळीत माहितीपत्रक, सोबत त्यांची स्वतःची प्रणाली. ती कुलूपबंद होती. यंत्र सुरू करायची फ्लॉपी तेच देणार, तिची नक्कल निघायची नाही, आणि नोंदी आत कशा साठवल्या जातात हे कंपनीचं गुपित.

काकांनी विचारलं, "तुमचं दुकानच राहिलं नाही तर?"

विक्रेता हसला आणि माझ्याकडे वळला. "मॅडम, आत काय चाललंय ते तुम्हाला कळायची गरजच नाही. तुम्ही फक्त बटण दाबा."

मला तोवर कुणी मॅडम म्हटलेलं नव्हतं.

ओतशाळेच्या मॅनेजरसाहेबांनी दोघांचं ऐकून घेतलं. "फुकटचं घ्यायचं आणि उद्या अडलं की कुणाची मानगूट धरायची?" ते काकांना म्हणाले. मग मला विचारलं, "काम तुम्हाला करायचंय. तुमचं काय म्हणणं?"

काका माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "दुकानातलं बरं वाटतं, साहेब. सोपं आहे."

कागदांची घडी नीट घालून काका उठले.

आठ-नऊ महिने मी रजिस्टरांतले आकडे संगणकात भरत होते. रोज थोडे थोडे. कोंडाण्याच्या माणसाचं पान आलं तेव्हा त्याचा उतरणारा आकडा पुन्हा एकदा ओळीने माझ्या बोटांखालून गेला. तेव्हाही मी फक्त भरत गेले. काम संपल्यावर साहेबांनी सांगितलं की आता त्या बाडांची जागा मोकळी करा, संगणकाला थंड खोली हवी आहे. काकांनी एकदा येऊन विचारलं, "रजिस्टरं ठेवाल ना?" मी म्हटलं, "सगळं आत आहे की." रद्दीवाल्याच्या पावतीवर सही माझी आहे. बाडं मीच सुतळीने बांधून दिली.

दोन पावसाळे निघाले. खालापूरच्या पावसात चपलांना, पट्ट्यांना, कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरते हे आम्हाला नवं नव्हतं. फ्लॉपीलाही धरते हे माहीत नव्हतं. तिसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी यंत्र सुरू होईना. पाकिटातून फ्लॉपी काढली तर काळ्या चकतीवर पांढरे ठिपके. दुकानाने एक जादा प्रत दिली होती. तीही त्याच लोखंडी कपाटात होती आणि तिच्यावरही ठिपके होते.

साहेबांनी मुंबईला फोन लावला. लागेना. शेवटी मला पाठवलं. दुकानाच्या जागी पडद्याच्या कापडाचं दुकान होतं. मालक म्हणाला, "ते कॉम्प्युटरवाले ना? वर्ष झालं त्यांना उठून. कुठे गेले माहीत नाही."

नोंदींच्या फ्लॉप्या मात्र शाबूत होत्या. त्या साहेबांच्या खोलीतल्या कोरड्या कपाटात असत. सगळे आकडे त्यांच्यात होते, फक्त ते वाचणारी प्रणाली गेली होती. मी काकांकडे गेले. कुठल्या तोंडाने गेले ते मलाच माहीत. त्यांनी एका शब्दाने मागचं काढलं नाही. "आणा इकडे," एवढंच म्हणाले.

पुढचे कितीतरी रविवार ते त्या फ्लॉप्या घेऊन बसले. आपल्या प्रणालीतून त्यांनी त्या उघडायचा प्रयत्न केला, पत्रमित्रांना नमुने पाठवले. उत्तरं आली. एकाने तर चार पानं भरून लिहिलं होतं. हळूहळू अक्षरं जुळली आणि एका दुपारी पडद्यावर नावं येऊ लागली. एकाखाली एक, तीनशेच्या वर नावं, गावांसकट. मला रडू फुटलं. काका म्हणाले, "थांबा." नावांपुढे आकड्यांच्या जागी नुसती चिन्हं होती. आकडे दुकानवाल्यांनी मुद्दाम वेगळ्या किल्लीने, म्हणजे एका गुप्त सूत्राने, बांधले होते. ती किल्ली कशी बनवली ते फक्त त्यांना माहीत, आणि ते नव्हते.

"बाहेरून हे उघडायचं नाही आता," काका म्हणाले. त्या दिवसानंतर त्यांनी तो नाद सोडला. वर्षभरात निवृत्त होऊन ते बहिणीकडे राहायला गेले.

मधल्या काळात कोंडाण्याचा माणूस घरी बसला होता. कर्जतला गाडीतून उतरून गावापर्यंत चालताना त्याला चारदा टेकावं लागे, म्हणून त्याने काम सोडलं. कर्जतच्या एका डॉक्टराने फोटो काढून सांगितलं की छातीत वाळू आहे. कुणीतरी त्याला भरपाईचा अर्ज करायला लावला. ओतशाळेचं म्हणणं होतं की आजार आधीपासूनचा असेल, बिडीचा असेल, चुलीच्या धुराचा असेल. तो कामाला लागला तेव्हा छाती कशी होती, हे दाखवणारा एक कागद मिळाला असता तर प्रश्न मिटला असता.

तो दवाखान्यात आला. दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला.

"बाई, तुमी लिवलेलं हाय ना सगलं? पयल्यापासून?"

मी त्याला बसवलं आणि काय झालं ते सांगितलं. फ्लॉपी, बुरशी, दुकान. त्याला त्यातलं किती कळलं कुणास ठाऊक.

"मंग ते वह्यांमदलं?" त्याने विचारलं.

मी रद्दीवाल्याकडेही जाऊन आले होते. रद्दीवाल्याने हात झटकून दाखवले होते. "ते कवाच कागदाच्या मिलला गेलं, ताई. लगदा झाला त्याचा."

सुनावणी सरकारी कचेरीत होती. मला साक्षीला बोलावलं होतं. तो बाकावर बसला होता, शेजारी त्याची बायको. अधिकारी सभ्य माणूस होता. आवाज चढवत नव्हता.

"यांची पहिली नोंद तुम्हीच केली?"

"हो."

"तेव्हा आकडा चांगला होता?"

"सगळ्यांच्या वर होता."

"सगळ्यांच्या वर म्हणजे किती?"

बाकावरून कोंडाण्याच्या माणसाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तो आकडा मी एकदा हाताने लिहिला होता आणि एकदा संगणकात भरला होता. खूप आठवायचा प्रयत्न केला. लाल पाठीचं रजिस्टर दिसत होतं, त्याचं नाव दिसत होतं, पुढचं घर रिकामं. कुठलाही एक पटेल असा आकडा मला सांगता आला असता. एवढी वर्षं ते काम केल्यावर पटेल असा आकडा कोणता, हे माझ्याइतकं त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं.

"आठवत नाही," मी म्हटलं.

"मग सगळ्यांच्या वर होता हे तरी कशावरून?"

याला मी काय उत्तर दिलं ते आता सांगता येत नाही. ओतशाळेचे वकील कागद आवरू लागले होते. मी खोटं बोलले नाही याचं त्या वेळी मला थोडं बरंसुद्धा वाटलं. घरी जाताना ते बरं वाटणं विरून गेलं. मी खरेपणाने गप्प राहिले की साहेब मागच्या खुर्चीवर बसले होते म्हणून, याचा निवाडा मला आजवर करता आलेला नाही.

अर्ज फेटाळला गेला. पुढच्या उन्हाळ्यात तो वारला. पंचेचाळिशी गाठायची होती अजून.

मी कोंडाण्याला भेटायला गेले. घरात माणसं होती. मला पाणी दिलं. माणसं पांगल्यावर त्याची बायको माझ्यासमोर येऊन बसली.

"बाई, तुमी शिकलेल्या," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "त्या दिवशी येक आकडा बोलता नाय आला तुमाला?"

मी म्हटलं, "वहिनी, मला खरंच आठवत नव्हता."

"त्यांना ठावं होता," ती म्हणाली. "घरात शंभरदा सांगायचे. पर त्यांना कुनी इचारलाच नाय."

तिने तो आकडा मला सांगितला. बरोबर होता. ऐकताक्षणी मला माझं स्वतःचं अक्षर दिसलं. मी तो दुसऱ्या दिवशी कागदावर लिहून त्या सभ्य अधिकाऱ्याकडे नेला. त्याने वाचला आणि परत केला. बायकोच्या सांगण्याला पुरावा म्हणत नाहीत, आणि आता अर्जदारही नाही, असं तो म्हणाला.

त्या वर्षी साचेखात्यातले आणखी चौघं दवाखान्यात आले. दोघं वावोशीकडचे, एक कर्जतचा, एक आमच्या पळसदरीचा, ज्याच्याबरोबर मी रोज गाडीने यायचे. चौघांनीही आपापला पहिला आकडा मागितला. काकांनी काढून दिलेली नावांची यादी माझ्या खणात होती. मी ती काढायचे, त्यांचं नाव शोधायचे, आणि नाव आहे असं सांगायचे.