फाळक्यात गेलेली दोन बोटं

फौजीकाका गेल्याचा निरोप लातूरहून आला तेव्हा मी नांदेडच्या एका दैनिकाच्या कचेरीत दुसऱ्याच कुणाच्या निधनाची बातमी लिहीत होतो. त्यांच्याविषयी लिहायला महिना गेला. फौजीकाका म्हणजे रामकिशनकाका, आमचे शेजारी. सैन्यात ट्रक चालवायचे, निवृत्त होऊन गल्लीत परतले. उजव्या हाताची दोन बोटं नव्हती; ती लढाईत गेली, असं गल्लीनंच ठरवून टाकलं होतं. संध्याकाळी त्यांच्या दारापुढच्या लांब बाकड्यावर माणसं रेडिओच्या बातम्या ऐकायला जमत. समोरच्या दुकानातले मेहबूबभाई शिंपी अगदी शेजारी बसत. "फौजी, तुमच्या सदऱ्याला बटनं मोठीच लावावी लागतात," ते चिडवत. "मंग कमी लागली की. शिलाई बी कमी घ्या," काका म्हणत.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नव्या कचेऱ्यांवर पाट्या चढत होत्या आणि नळाला पाणी नव्हतं. त्या दुष्काळात धर्माच्या नावानं निघालेल्या एका संघटनेनं गल्लीत टँकर आणायला सुरुवात केली. पाणी सुटण्याआधी भाषण होई : शत्रू सीमेवर आहे, तसाच आपल्या गल्लीतही आहे. मेहबूबभाईंची घागर रांगेत शेवटी सरकवली जाई. एकदा काकांना हार घालून टँकरजवळ उभं केलं. "दोन बोटं गेली, पण वाघानं दुश्मन लोळवला!" असं म्हणून पुढाऱ्यानं माइक त्यांच्या हाती दिला. काका माइकवर म्हणाले, "बोटं लढाईत गेली न्हाईत. ट्रकच्या मागच्या फाळक्यात सापडली. दुश्मनाचे जखमी कैदी चढवत होतो. त्यांच्याकडचं कवळं पोरगं होतं, आईला हाका मारत होतं. लढाई म्हणून मी एवढंच पाह्यलं. आता मेहबूबभाईची घागर पुढं घ्या."

माइक काढून घेतला गेला. घोषणा झाल्या. टँकर भरलेलाच परत गेला आणि पुन्हा आला नाही.

"दोन शब्द खोटं बोलला असता तर जीभ झडली असती का, फौजी? लेकरांला काय पाजू आता?" शेजारच्या शांताबाईनं विचारलं. दुसऱ्या दिवसापासून काका लांबच्या विहिरीवरून सायकलला घागरी बांधून पाणी आणू लागले. एक घागर तिच्या दारात ठेवत. ती पाणी ओतून घेई आणि रिकामी घागर उंबऱ्याबाहेर ठेवून दार लावी. बाकडं ओस पडलं. शेवटी मेहबूबभाईही म्हणाले, "माझ्यामुळं तुमच्या दारात कुणी येईना. मी दुकानातच बसतो."

"बसा हो," काका म्हणाले. मेहबूबभाई बसले नाहीत.

पुढं पाऊस झाला, नळाला पाणी आलं. माणसं आली नाहीत. लढाईच्या बातमीवर चौकात फटाके फुटत, तेव्हा काका रेडिओचा आवाज बारीक करत. रोज संध्याकाळी ते सगळं बाकडं पुसत आणि एका टोकाला बसत.

परवा गेलो तेव्हा काकू बाकडं पुसत होत्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत. "पुसलं न्हाई तर कुणी बसंल कसं?" मी काकांच्या टोकाला बसलो. समोर मेहबूबभाईंचं शिवणयंत्र थांबलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मी सरकून जागा केली...

थोड्या वेळानं यंत्र पुन्हा सुरू झालं.