चादरीवरचा झोत

सोलापुरात ऊन फुकट मिळतं, तरीही उजेडापायी जीव टाकणारा माणूस उभ्या शहरात एकच असेल, आणि तो नेमका भवानी पेठेत आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. हे आमचे शेजारचे काका. उमेदीची वर्षं सूत रंगवण्यात गेली, आता उरलेली टॉर्च जोडण्यात चालली आहेत. कुठून कुठून जबर ताकदीचे पांढरे एलईडी मागवतात, अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांत बसवतात आणि एकमेकांशी झुंजवतात. लग्नाला गेले तरी नवरदेव सोडून मांडवातले दिवे न्याहाळत बसतात. माझ्या नव्या मोबाइलचा दिवा त्यांनी माझ्याच तोंडावर मारला आणि म्हणाले, "मेल्यागत दिसतोयस की रं ह्यात. परत दे जा दुकानात."

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं, पण काकूंची नजर विझत चालली आहे. डॉक्टरांनी हात टेकले, काकांनी नाही. "डोळं बिघडलं न्हाईत, उजेडच हलका मिळतोय तिला," हे त्यांचं ठाम मत. एखादा एलईडी असा निघेल की काकूंना पुन्हा रंग दिसतील, एवढ्या एका आशेवर घरातला हा कारखाना चालतो.

परीक्षेची रीतही त्यांचीच. पांढरी भिंत फसवते, म्हणून भिंतीवर चादर टांगायची. तीही त्यांनी स्वतः रंगवलेल्या सुताची, वर लाल पट्टा आणि सगळ्यात खाली काळा. भर दुपारी दारं-खिडक्या बंद आणि पंखाही बंद, कारण चादर हलता कामा नये. साक्षीदार म्हणून मी घामाने निथळत उभा. "ह्यो निळसर. नुसता भपका, लाल रंगाची पार माती करतोय. आन् ह्यो जरा पिवळट, पण इमानदार. तापला की मंदावतो, एवढीच खोड." मग झोत वरून खाली सरकतो, काका प्रत्येक पट्ट्यावर "आता?" विचारतात आणि खुर्चीतल्या काकू सांगतात, "लाल. हिरवा. पिवळा. काळा." सगळं बरोबर! त्यानंतर दोन दिवस काका गल्लीभर चहा पाजत फिरतात.

परवा चादर धुतली. काकांनी घाईघाईत ती परत टांगली, तेव्हा खालची बाजू वर गेली. ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही. झोत पहिल्या पट्ट्यावर पडला. पट्टा काळा होता.

"आता?"

"लाल," काकू म्हणाल्या.

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान खाली घातली. तरी झोत सरकत राहिला आणि काकू नेहमीच्या क्रमाने रंग सांगत राहिल्या. शेवटी लाल पट्ट्यावर त्या खुशीत म्हणाल्या, "काळा. अहो, लई चांगला हाय ह्यो. किती दिवसांनी स्वच्छ दिसतंय."

"व्हय," काका म्हणाले. "सगळं बरोबर."

टॉर्च विझली, पण खिडकी उघडायला कुणी उठलं नाही. मला रडू येत होतं आणि आवाज झाकायला पंखाही चालू नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीपलीकडून हाक आली, "ये की रं, नवा एलईडी आलाय."

मी गेलो. दारं-खिडक्या बंद होत्या, काकू खुर्चीत बसल्या होत्या. चादर सरळ टांगलेली होती, लाल पट्टा वर.