आधी मायनस

मूर्खपणा आधीच कबूल करते. बॅटरीचा मायनस न सोडवता मी डायनॅमोच्या नटाला पाना लावला. गॅरेजवाल्याची मुलगी असून!

पस्तीस वर्षांपूर्वी जपानला निघाले, तेव्हा साताऱ्यातल्या आमच्या गॅरेजच्या दारात अण्णांनी माझ्या हातात बारा नंबरचा पाना ठेवला. "गाडीला हात लावण्याआधी मायनस सोडव, नाहीतर ठिणगी उडते. विसरू नकोस." अंगावर कडक इस्त्रीची साडी, पायात कोरे बूट आणि डोक्यात हवा. मी म्हणाले, "अण्णा, जपानमध्ये गाड्या बिघडत नाहीत!" नवऱ्याला तिथल्या संशोधन संस्थेत नोकरी लागली होती; तोरा मात्र असा, जशी काही तिथली सगळी इंजिनं मीच जोडणार. पाना गुपचूप कुकरमध्ये टाकून आणला.

आता इथे ग्योतोकु गावात घरापुढे आमची पिवळ्या पाटीची छोटी गाडी उभी असते; टॅक्सी नव्हे हं, इथे छोट्या गाड्यांना पाटी पिवळीच असते. नवरा गेल्यापासून तिचीच सोबत. मागच्या आठवड्यात तिचा बॅटरीचा लाल दिवा लागला. मुलगा तोयोसुच्या ऑफिसातून फोनवर म्हणाला, "आई, ऑल्टरनेटर गेलाय. जुनी झालीय ती. शनिवारी भंगारात देऊन टाकू."

भंगारात? ह्यांची गाडी? म्हटलं, शनिवार यायचाय अजून.

पार्टच्या दुकानात जपानी शब्द जुळवताना तोंडातून ऑल्टरनेटरसाठी अण्णांचाच जुना शब्द निसटला, डायनॅमो. म्हातारे दुकानदार खुलले, "आऽ, दाइनामो!" आणि नेमका तोच काढून दिला.

मग काय, पुन्हा डोक्यात हवा! नटाला पाना लावला, त्याचं दुसरं टोक इंजिनला टेकलं आणि फाट्! खिडकीतून नात ओरडली, "आजी, आबुनाई!" धोका आहे म्हणे. अगं, कळलं! नशीब, पान्यावर काळा डाग पडण्यावरच भागलं. मग निमूटपणे मायनस सोडवला, बेल्ट सैल केला, जुना काढला, नवा बसवला. किल्ली फिरवली. लाल दिवा गेला! मुलाने भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं.

तुम्ही तिकडे साताऱ्यात मागे राहिलेले हसाल, पण कचरा वेगळा करताना मी अगदी जपानी असते. हात ग्रीसने माखले की पुन्हा साताऱ्याची.

अण्णा आता नव्वदीला आले. व्हिडिओ कॉलवर त्यांना डाग पडलेला पाना दाखवला. अण्णा बराच वेळ हसले. मग म्हणाले, "अगं येडे, इथनं निघालीस तेव्हा तरी कुठं मायनस सोडवलास? म्हणून तर तुझा फोन आला की अजून ठिणगी उडते."