साडेचार ग्रॅम मीठ

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. बी.एस्सी., रसायनशास्त्र. निकाल लागला त्या दिवशी वडिलांनी घराला एक नियम घालून दिला: शिकलेला सांगेल तसं करायचं. तेव्हापासून औषधाची पट्टी, लाइटबिल, शाळेचा फॉर्म, सगळं माझ्यापुढे येऊ लागलं. वडील गेले, नियम राहिला. हैदराबादला नोकरी लागल्यावर मी आईला आणि धाकट्या बहिणीला अंबरपेठला आणलं, तेव्हा तोही सोबत आला.

बहीण जवळच्या बालवाडीत शिकवायची. लहानपणापासून तिला जाड भिंगांचा चष्मा. मूल कडेवर घेतलं की त्याचा पहिला हात चष्म्याला. दोनदा फुटला, तेव्हा मीच म्हणालो, कॉन्टॅक्ट लेन्स घेऊ. दुकानातल्या मुलीने तिला समोर बसवून सगळं शिकवलं. हात साबणाने धुऊन कोरडे करायचे, बाटलीतल्या द्रावणानेच लेन्स चोळायची, डबीतलं कालचं द्रावण रोज ओतून टाकायचं, डबी उपडी वाळवायची. पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नाही. बहिणीने परीक्षा असल्यासारखं ते बालवाडीच्या वहीत उतरवून घेतलं.

घरी आल्यावर ती किती तरी वेळ आरशासमोर होती. म्हणाली, "आई, मी तुझ्यासारखी दिसते की गं."

"म्हणजे म्हातारी?" आई म्हणाली. तिघंही हसलो.

बोनालूच्या, इथल्या देवीच्या सणाच्या, रविवारी द्रावण संपलं. आई गावी गेलेली. आसपासची दुकानं बंद. नामपल्लीला गेलो असतो तर एखादं उघडं मिळालं असतं, पण मी गेलो नाही. बहीण म्हणाली, उद्या चष्मा घालून जाते. मीच म्हणालो, कशाला? सलाइन म्हणजे शेवटी मिठाचं पाणीच. अर्धा लिटरला साडेचार ग्रॅम. मी पिण्याच्या कॅनमधलं पाणी उकळलं, सपाट पाऊण चमचा मीठ घातलं, निवल्यावर रिकाम्या बाटलीत भरलं. इतक्या वर्षांत माझी डिग्री घरात अशी थेट कामाला आली नव्हती. मला आनंद झाला होता, हे खोटं कशाला सांगू?

"पण त्या ताई पाणी नको म्हणाल्या होत्या," ती म्हणाली.

"ते नळाचं. हे उकळलेलं आहे."

तिने वहीत पाण्याच्या ओळीखाली लिहिलं: उकळलेलं चालतं.

काही झालं नाही, म्हणून तीच बाटली पुन्हा पुन्हा भरत राहिलो. आई परत आली तोवर ती नेहमीची झाली होती. महिन्याभराने बहिणीचा उजवा डोळा लाल झाला. डोळे आलेत असं समजून मेडिकलमधून थेंब आणले, तेही मीच. दुखणं वाढत गेलं. तिला खिडकीचा उजेड सोसेना, बालवाडी सुटली.

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या वयस्कर डॉक्टरबाईंनी यंत्रातून बराच वेळ पाहिलं. मग मऊ आवाजात विचारलं, "लेन्स को पानी कायकू लगाए, अम्मा?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बहीण म्हणाली, "मैंच लगाई, मॅडम. उबालके, नमक डालके."

मी गप्प राहिलो.

बाईंनी समजावलं. पाण्यात डोळ्याला न दिसणारा एक जीव असतो, तो बुबुळ पोखरतो. पाणी उकळलं तरी मीठ, चमचा, बाटली, डबी यांतून काहीही मिसळू शकतं. लेन्ससाठी घरी पाणी करायचंच नसतं. मग दर तासाला थेंब, कित्येक आठवडे. जीव मेला. बुबुळावर पांढरा डाग राहिला, आणि त्या डोळ्याने तिला फक्त उजेड कळतो. पुढेमागे दुसऱ्याचं बुबुळ बसवता येईल म्हणतात.

चष्मा पुन्हा आला. उजवीकडे नंबर नाही, नुसती काच.

पाणी आपणच लावलं, असं बहिणीने आईलाही सांगितलं होतं. एका संध्याकाळी आई भाकरी थापत होती. बहिणीने वाटी ठेवली ती ओट्याच्या कडेवर, वाटी पडली. आई चिडली नव्हती, थकली होती. म्हणाली, "घरात एवढा शिकलेला भाऊ. एकदा त्याला विचारलं असतंस तर?"

बहिणीने माझ्याकडे पाहून मान हलवली. नको, अशी.

मी आईला सांगितलं. पाणी कुणी उकळलं, मीठ कुणी मोजलं, दवाखान्यात कोण गप्प राहिलं. तव्यावरची भाकरी करपली, आईने ती आपल्या ताटात घेतली.

दुसऱ्या दिवशी ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची नवी पट्टी आली. आई ती घेऊन माझ्या समोरून गेली आणि बहिणीच्या हातात दिली. बहिणीने ती डाव्या डोळ्याजवळ धरून एकेक अक्षर लावत वाचली. मग सवयीने माझ्यापुढे केली.

"दादा, बरोबर वाचलं ना मी?"