काटा कुठे आहे ते सांग

विलास गेल्याचं मला कंपनीच्या फोनवर कळलं. मी रबाळ्याला एका कारखान्यात कॉस्टिंगचं काम बघतो. त्या दुपारी समोर महिनाअखेरची बेरीज होती. फोनवर माझी बायको, शैला, होती. ती फक्त ‘या’ म्हणाली. ‘गेला का?’ असं मी विचारलं नाही. अर्धी झालेली बेरीज पूर्ण केली, खाली रेघ मारली आणि उठलो. माणूस अशा वेळी असं का वागतो, मला माहीत नाही. नेरूळला घरी पोहोचलो तेव्हा शैला त्याच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली होती. शेजारच्या बायका तिला उठवायचा प्रयत्न करत होत्या आणि ती उठत नव्हती. विलासचा उजवा हात तिने दोन्ही हातांत धरला होता. आता काही आठवडे झाले आहेत. लिहायला बसलो की मला तो हातच आठवतो, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

विलास शैलाचा धाकटा भाऊ. आम्ही सगळे साताऱ्याकडचे, त्यामुळे तो मला दाजी म्हणायचा आणि मेहुण्याने करायची ती सगळी थट्टा करायचा. बी.एस्सी. झाल्यावर बँकेच्या परीक्षा सोडून तो पुण्याला विद्यापीठात मानवशास्त्र शिकायला गेला, त्यातही जैविक मानवशास्त्र. म्हणजे माणसाचं शरीर, त्याची हाडं, त्याची उत्क्रांती. सासऱ्यांनी मला विचारलं, ‘जावईबापू, हे शिकून पुढे काय होतं?’ मी दोन-चार ठिकाणी चौकशी केली आणि कळलं ते सांगितलं, की फारसं काही होत नाही. हे विलासच्या कानावर गेलंच. तो चिडला नाही. ‘बाबांनी नुसता जीव काढला, दाजींनी निदान चौकशी तरी केली,’ म्हणाला.

सुट्टीत तो आमच्याकडे यायचा. एकदा त्याने आदिमानवाच्या कवटीचा प्लास्टरचा नमुना आणला आणि फ्रिजवर ठेवला. नेमकं त्याच दिवशी शैलाचं हळदीकुंकू होतं. सोसायटीच्या बायका यायच्या आत तिने त्याच्यावर भरतकामाचा रुमाल टाकला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी रुमाल उचलला. पुढचं सांगायला नको. शैला भडकली तेव्हा हा शांतपणे म्हणाला, ‘ताई, चिडू नकोस. दाजींच्या बाजूचे पाहुणे आहेत, दोन दिवसांनी जातील.’ जेवताना तो मिठाची चिमूट धरून दाखवायचा. अंगठा वळून दुसऱ्या बोटांच्या टोकांना असा टेकतो म्हणून आपल्याला सुई धरता येते, पेन धरता येतं. ‘माणूस आधी उभा राहिला, दाजी. मेंदू नंतर वाढला. उभा राहिला म्हणून हात मोकळे झाले, आणि मोकळे हात स्वस्थ बसत नाहीत.’ मी म्हटलं, ‘आमच्या कंपनीत बसतात.’ त्यावर तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

एम.ए.नंतर त्याने पीएच.डी.साठी नाव घातलं आणि विषय असा निवडला की राहणं आमच्याकडेच झालं. खाडीकाठच्या आगरी-कोळी गावांत एका पिढीने जाळी ओढली, मीठ काढलं. पुढची पिढी कारखान्यांत, उरणकडच्या कंटेनर यार्डात लागली. काम बदललं की हातात काय फरक पडतो, हे त्याला मोजायचं होतं. मी म्हटलं, मग बापाचा मजबूत हात पोराला मिळतोच की. ‘नाही ना दाजी. जाळं ओढून कमावलेली ताकद बापाबरोबर जाते. पोराला बापाचं हाड मिळतं, मेहनत मिळत नाही.’ हे वाक्य मी कंपनीत अनेकांना ऐकवलं आहे.

त्याला मदतनीस हवा होता. आकड्यांचा माणूस म्हणून रविवारी तो मला घेऊन जायचा. कामाची एक पद्धत होती आणि तो ती मोडू द्यायचा नाही. मोजणाऱ्याने आकडा मोठ्याने सांगायचा. लिहिणाऱ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा. मोजणाऱ्याने ‘हं’ म्हटल्यावरच कागदावर उतरवायचा. सुरुवातीला मला हा पोरकटपणा वाटला. पण ओट्यावर पोरं ओरडत असतात, कोंबड्या फिरत असतात, अशा गलक्यात त्रेपन्नचे त्रेसष्ट व्हायला वेळ लागत नाही. पुढे आमची लय जमली. तो, मी, हं. तो, मी, हं. घरी आकडे ताडून बघतानाही तेच चालायचं. शैला म्हणायची, दोघं आरती म्हणताय असं वाटतं.

पहिल्या गावात मात्र आरंभच अडला. हिराबाय म्हणून एक म्हातारी कोळीण होती. तिच्या शब्दाबाहेर आळीतलं कोणी नव्हतं. विलासने उंची मोजायची दांडी उघडली तशी ती पुढे आली. ‘जित्या मानसाचं माप कोन घेतं? माप मेल्याचं घेतात, तिरडीचं बांबू तोडाया.’ विलासने वाद घातला नाही. काय केलं तर चालेल, असं विचारलं. म्हातारीने विचार केला आणि घरातून जाळ्याची दोरी आणली. ‘आदी मी तुजं माप घेतं. फुडल्या रयवारी जिता आलास तर समद्यांचं घे.’ अंगणात सगळी आळी जमली. विलास ताठ उभा राहिला, तिने टाचेपासून डोक्यापर्यंत दोरी धरली आणि वर गाठ मारली. पुढच्या रविवारी तिच्या दारात जाऊन तो म्हणाला, ‘बाय, आलो जिता.’ ती म्हणाली, ‘आलास तर उबा काय ऱ्हायलास, च्या घे.’

त्याच्या पेटीतलं सगळ्यात लोकप्रिय यंत्र होतं मुठीची ताकद मोजायचं. गोल तबकडी, खाली दाबायचा दांडा. दाबला की काटा पुढे सरकतो आणि जिथवर पोहोचला तिथेच थांबून राहतो. पुढच्या माणसासाठी तो हाताने शून्यावर आणावा लागतो. इंग्रजी नाव मोठं होतं, आम्ही ‘काटा’ म्हणायचो. गावात त्याच्यावर पैजा लागायच्या. हिराबायने यार्डात काम करणाऱ्या आपल्या लेकाला हरवलं तेव्हा ती त्याला म्हणाली, ‘तू फकस्त ताटावर जोर कर.’ कसं दाबायचं हे दाखवायला प्रत्येक घरी आधी विलास स्वतः दाबायचा. त्याचा आकडा लिहायचा नसे, पण मला आकडे दिसले की लक्षात राहतात. तो नेहमी बेचाळीस किलोच्या आसपास असायचा. एका पावसाळ्यानंतर तो अडतीस झाला. मग चौतीस.

विलास म्हणाला, ‘दाजी, काट्याची स्प्रिंग गेली. सगळी मापं तपासायला लागणार.’ त्याला खरी काळजी मापांची होती. यंत्र कमी दाखवत असेल तर इतक्या महिन्यांचं काम वाया. मलाही तेच वाटलं. कोपऱ्यावरच्या वाण्याकडून आम्ही वीस किलोचं वजन मागून आणलं, बाल्कनीच्या गजाला काटा बांधला, वजन दांड्याला अडकवलं. काटा वीसवर आला. दोनदा केलं, तिसऱ्यांदा केलं. वीस. मग मी दाबून पाहिलं, माझा नेहमीचा आकडा आला. विलासने दाबलं. तेहतीस. ‘यंत्र बरोबर आहे,’ तो म्हणाला. पद्धतीप्रमाणे मी ते परत म्हणायला हवं होतं... मला म्हणता आलं नाही. शैला आतून विचारत होती, वाण्याचं वजन परत कधी देणार म्हणून.

पुढचं सगळं दवाखान्यांत गेलं. सुया टोचून तपासण्या, मानेचे फोटो, शेवटी मोठ्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच मरत जातात, बुद्धी शाबूत राहते, औषध नाही. मी विचारलं, किती वेळ? त्यांनी सरासरी सांगितली. बाहेर आल्यावर मी विलासला त्याचंच ऐकवलं. तूच म्हणतोस ना, सरासरी गटाची असते, एका माणसाची नसते. कोणी तिच्या फार पुढेही जातो. ‘हो दाजी,’ तो म्हणाला, ‘आणि कोणी फार अलीकडेही थांबतो.’ मग माझा चेहरा बघून म्हणाला, ‘चला, उसाचा रस पिऊ.’ ग्लास त्याने दोन्ही हातांनी धरला होता.

गावात जाणं थांबलं, पण रविवारची मोजणी थांबली नाही. आता मोजायचं त्याला स्वतःला. मी काटा शून्यावर आणायचा, त्याच्या हातात द्यायचा, त्याने दाबायचं, मी आकडा सांगायचा, त्याने तो परत म्हणायचा आणि मी ‘हं’ म्हणायचं. मला ते नको होतं. मी तसं सांगितलंही. तो म्हणाला, ‘बाकी सगळे मला बरं वाटेल असं बोलतात. डॉक्टर बोलतात, ताई बोलते. तुम्ही तेवढा आकडा सांगा.’ माझ्याकडे त्याला देण्यासारखं तेवढंच होतं, हे मला कळत होतं.

शैला स्वयंपाकघरात मला धरायची. ‘दोन जास्त सांगितले तर काय बिघडतं तुमचं? तुमच्या कंपनीचा हिशेब आहे का तो?’ एका रविवारी तिने माझ्या हातातून काटा घेतला, ‘आज मी बघते’ म्हणाली. विलासने दाबलं. मी बाजूला उभा होतो, मला तबकडी दिसत होती. शैला म्हणाली, ‘चौदा. बघ, वाढलं.’ विलासने आकडा परत म्हटला नाही. अगदी हळू म्हणाला, ‘ताई, काटा कुठे असावा ते नको. कुठे आहे ते सांग.’ शैला तबकडीकडे बघत राहिली. ‘नऊ,’ ती म्हणाली. तो म्हणाला, ‘नऊ.’ ‘हं’ म्हणायचं तिला माहीत होतं, इतकी वर्षं ऐकत होती. तिने म्हटलं, आणि काटा माझ्या हातात देऊन आत गेली. त्यानंतर तिने मला कधी जास्त सांगा म्हटलं नाही.

तो खुर्चीतून उठेनासा झाला तेव्हा कुठून तरी कळून हिराबाय आली. लेकाबरोबर बसने आली होती, टोपलीत खाडीच्या चिखलातली मासळी, निवट्या, होत्या. विलासला बघून ती दारातच बसली. मग कमरेची चंची सोडून तिने जाळ्याची दोरी काढली. ‘मी जित्याचं माप घेतलं,’ म्हणाली. ‘गाठ सोडलीय बग. कालच सोडली.’ विलासची जीभ तेव्हा जड झाली होती. तरी त्याने एकेक शब्द जुळवून सांगितलं, ‘बाय, तुझ्या दोरीनं... काही झालं नाही. हा आजार... वेगळा आहे.’ ती मान हलवत राहिली. तिला पटलं नाही. मला मात्र त्या क्षणी वाटलं, हिच्याकडे निदान सोडायला एक गाठ होती. आमच्याकडे तेवढंही नव्हतं.

मग बोलणं गेलं. आकडा परत म्हणणं गेलं. राहिला तो घशातला एक आवाज, त्यावरच तो हो-नाही सांगायचा. त्यामुळे आमच्या मोजणीत आता मी सांगायचो, मीच परत म्हणायचो आणि ‘हं’ तो म्हणायचा. पुन्हा गावातल्यासारखं, मोजणारा तोच. शेवटच्या मोजणीच्या दिवशी मी त्याची बोटं एकेक करून दांड्याभोवती वळवली. अंगठा वळवून बोटांवर ठेवला, तो घसरला, परत ठेवला. विलासने डोळे मिटून जोर लावला. कपाळावरची शीर दिसली. काटा जागचा हलला नाही. तो डोळे उघडून माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, ‘शून्य.’ मग परत म्हटलं, ‘शून्य.’ तो ‘हं’ म्हणाला.

यंत्र विद्यापीठातल्या त्याच्या विभागाचं होतं. ते परत करायला गेल्या आठवड्यात मी पुण्याला गेलो. विलासचं काम अपुरं आहे, त्याचे सर म्हणाले कोणी तरी पुढे नेईल. कोण, कधी, ते त्यांनाही सांगता आलं नाही. प्रयोगशाळेत एक मुलगी होती, पहिल्या वर्षाची असावी, विलासला ओळखणारी नव्हती. यंत्र जमा करून घेण्याआधी तपासायचं म्हणून तिने काटा शून्यावर आणला आणि दाबला. ‘सव्वीस,’ ती म्हणाली. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘सव्वीस.’

तिने वर बघितलंही नाही. ‘हं,’ म्हणाली, आणि काटा परत शून्यावर आणून पेटीत ठेवला.